अठ्ठावीस वर्षं आणि एक चहाडी

आमच्या घरात गेले आठ महिने दोन तट पडले आहेत. मराठी घरात तट पडायची जी नेहमीची कारणं असतात, म्हणजे गावची जमीन, गणपती कोणाकडे बसवायचा, किंवा रश्शात खोबरं भाजून घालायचं की ओलं, त्यांतलं एकही इथे लागू नाही. वाद असा आहे, की रेजिनाने हिमगौरीवर सूड घेतला तो नेमका कशापायी.

रेजिना आमच्या नात्यातली नाही. ‘वन्स अपॉन अ टाइम’ या अमेरिकी मालिकेतली ती दुष्ट राणी, हिमगौरीची सावत्र आई. एबीसी वाहिनीवर २०११च्या ऑक्टोबरात ही मालिका सुरू झाली आणि २०१८च्या मे महिन्यात संपली. सात पर्वं, १५५ भाग. आमच्याकडे ती भाचीच्या लॅपटॉपमधून आली आणि एका केबलच्या वाटेने दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पसरली. भाचीची ती दोनदा पाहून झाली होती. तरी ‘आजीची रिअ‍ॅक्शन बघायचीय’ म्हणून ती पुन्हा बसली. आजी म्हणजे माझी आई. वय ७८, निवृत्त शिक्षिका. मुख्याध्यापिका होता होता राहिली. ती का राहिली आणि त्यात कोणाचा काय हेतू होता, याबद्दल तिची स्वतंत्र थिअरी आहे, पण ती १५५ भागांत मावणार नाही.

कथानक थोडक्यात सांगतो. रेजिना एक शाप टाकते आणि परीकथांतली झाडून सगळी पात्रं अमेरिकेच्या मेन राज्यातल्या स्टोरीब्रुक नावाच्या गावात येऊन पडतात. आपण कोण हे कोणालाच आठवत नाही. काळ थांबलेला. हिमगौरी शाळेत शिकवते, तिचा राजपुत्र इस्पितळात बेशुद्ध पडून आहे, आणि रेजिना गावची महापौर. अशी अठ्ठावीस वर्षं जातात.

अख्ख्या परीराज्याची उलथापालथ करण्याची ताकद हाती असताना या बाईने स्वतःसाठी काय मागून घेतलं? समुद्रकाठच्या एका आडगावाचं महापौरपद! मला हे कोडं सुटेना. ते भावोजींनी सोडवलं. भावोजी नगरपालिकेत लेखा विभागात तीस वर्षं होते. ते म्हणाले, “अठ्ठावीस वर्षं निवडणूक नाही, विरोधी पक्ष नाही, ऑडिट नाही, आणि काळच थांबलाय म्हणजे ठेकेदाराचं बिलही थकत नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?” आणि ते पेपर वाचू लागले. त्यांनी मालिकेचा दुसरा भागसुद्धा पाहिलेला नाही. तरी त्यांची थिअरी आजतागायत कोणाला खोडता आलेली नाही.

मालिकेने स्वतः दिलेलं कारण वेगळं आहे. तरुणपणी रेजिनाचं तबेल्यात काम करणाऱ्या डॅनियलवर प्रेम होतं. तिच्या आईला, कोराला, जावई हवा होता राजा. हिमगौरी तेव्हा दहाएक वर्षांची पोर. उधळलेल्या घोड्यावरून तिला रेजिनानेच वाचवलेलं. पुढे या पोरीने दोघांना एकत्र पाहिलं. रेजिनाने तिला बजावलं की कोणाला बोलू नकोस, माझ्या आईला तर मुळीच नको. पोरीने कबूल केलं, आणि मग जाऊन थेट आईलाच सांगितलं. कोराने डॅनियलच्या छातीत हात घालून काळीज उपसलं आणि मुठीत चिरडून त्याची माती केली. (काळीज उपसणं या मालिकेत फार सर्रास चालतं. आपल्या मालिकांत दुधाच्या पेल्यात पुडी सोडतात, तितकं.)

म्हणजे मारलं कोराने, आणि जन्माचं वैर धरलं पोरीशी. सगळ्या थिअऱ्यांची पेरणी होते ती या जमिनीत.

भाची मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने पाय वर घेऊन, उशी पोटाशी धरून सांगितलं की हे डिस्प्लेसमेंट आहे.

“मराठीत सांग,” आई म्हणाली.

“वड्याचं तेल वांग्यावर, आजी.”

“मग तसं म्हण की. पण ते नाहीये.” आईने चष्मा पुसायला घेतला. वर्गात अवघड गणिताला हात घालण्यापूर्वी ती चष्मा पुसायची, असं तिचे जुने विद्यार्थी सांगतात. “कोरा वाईटच आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. ही पोर चांगल्या मनाने बोलली. चांगल्या मनाने घर मोडणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? वर ती डोळ्यांत पाणी आणून आपल्यासमोर उभी! तिला क्षमा करावी तर आपलं गेलेलं परत येत नाही, न करावी तर जग आपल्यालाच खाष्ट म्हणतं. रेजिनाचं दुखणं ते आहे.” यानंतर तिने उदाहरणादाखल माझ्या एका आत्याचं नाव घेतलं. ते इथे देत नाही.

हे बोलणं पहिल्या पर्वाच्या वेळचं. तिसऱ्या पर्वात उघड होतं, की हिमगौरीच्या आईने, इव्हानेही तरुणपणी हेच केलं होतं: कोरा दुसऱ्याकडून पोटुशी असल्याचं तिने लिओपोल्ड राजाच्या कानावर घातलं आणि कोराचं ठरत आलेलं लग्न मोडलं. आईने रिमोट मागून घेतला, चित्र थांबवलं आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “वळण,” ती म्हणाली. एवढंच. त्या रात्री ती दोन घास जास्त जेवली.

खरं तर रेजिनाच्या हिशेबात त्याहून मोठी गफलत आहे, आणि त्या गफलतीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. तो शाप टाकायची किंमत म्हणजे आपल्याला सगळ्यांत प्रिय असलेल्या जिवाचं काळीज. रेजिनाने ते घेतलं स्वतःच्या वडिलांचं. त्या बिचाऱ्याने आयुष्यभर बायको आणि मुलगी यांच्यामध्ये ‘जाऊ दे ना’ एवढंच म्हटलं असावं, असा त्याचा चेहरा आहे. आईने होत्याचं नव्हतं केलं, बापाने भरपाई दिली, आणि पुढे पोरीने दत्तक मुलाला नाव ठेवलं ते त्या बापाचंच, हेन्री. अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. काळीज तेवढं आपल्याकडे शब्दशः काढत नाहीत.

आता कोणी म्हणेल, परीकथेतल्या राणीला कारण हवंच कशाला? आरसा आहे, रूप आहे, मत्सर आहे. भागलं की! पण हा कारणांचा कारखाना टीव्हीवाल्यांनी काढलेला नाही. ग्रिम बंधूंनी १८१२ साली ही गोष्ट पहिल्यांदा छापली तेव्हा त्यात राणी हिमगौरीची सख्खी आई होती. १८१९च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सख्खी आई पोटच्या पोरीच्या जिवावर उठते हे पचायला जड, म्हणून ‘सावत्र’ एवढा एक शब्द घातला आणि हेतूचा प्रश्न निकालात निघाला. तेव्हापासून दोनशे वर्षं जगभरच्या सावत्र आया तो शब्द निस्तरत आहेत. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर शुद्धिपत्र लावलं म्हण.”

पण आमच्या घरातलं सगळ्यांत लाडकं पात्र रेजिना नाही. ते आहे रम्पलस्टिल्टस्किन. हे नाव मी आत्ता बघून बघून लिहिलं. ग्रिमच्या गोष्टीत गवताचं सोनं कातून देणारा हा बुटका राणीला सांगतो, तीन दिवसांत माझं नाव ओळख, नाहीतर तुझं बाळ माझं. राणीने ते तीन दिवसांत मिळवलं. आमच्याकडे सात पर्वं झाली तरी कोणाच्या जिभेवर बसलेलं नाही. स्टोरीब्रुकमध्ये त्याचं नाव मिस्टर गोल्ड, धंदा गहाणवटीचा. म्हणून आईने पहिल्याच दिवशी त्याचं ‘सावकार’ करून टाकलं. रॉबर्ट कार्लाइल या नटाने त्याचं काम असं केलंय की तो नुसता ‘डिअरी’ म्हणाला तरी आपण घरातले दागिने मोजून घ्यावेत.

मूळ गोष्टीत या बुटक्याला दुसऱ्याचं बाळ कशाला हवं होतं? ग्रिम ते नीटसं सांगत नाहीत. एवढी मोठी मोकळी जागा दिसल्यावर पटकथाकार थांबतोय कसला! मालिकेत सावकाराचा एक मुलगा असतो, बेलफायर. बापाला जादूची सत्ता मिळते, त्याच्यातला माणूस हरवत जातो. मुलगा म्हणतो, चल, जादू नसलेल्या जगात जाऊ. दार उघडतं, पोरगा आत ओढला जातो, आणि ऐन वेळी बाप हात सोडतो. नंतर आयुष्यभर पश्चात्ताप. त्या दुसऱ्या जगात पोचण्याचा एकच मार्ग उरतो, तो शाप. तो टाकायला तयार होईल असं कोणीतरी हवं. म्हणून कोरा, म्हणून रेजिना, म्हणून सगळी कपटं. थोडक्यात, हिमगौरीचं सफरचंद, राज्याचा नाश, अठ्ठावीस वर्षांचा विसर हे सगळं कशासाठी? बापाला परदेशी गेलेल्या मुलाला एकदा भेटायचं होतं.

आमच्या सोसायटीत हे कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा न्यू जर्सीला असतो आणि काकांचा व्हिसा दोनदा नाकारला गेला आहे. ते एका संध्याकाळी सहज डोकावले, नेमका तोच भाग चालू होता. शेवटपर्यंत उभ्यानेच पाहिला. जाताना एवढंच म्हणाले, “शापाला किती दिवस लागतात प्रोसेसिंगला?”

सावकाराची आणखी एक गंमत म्हणजे मालिकेने त्याच्याकडे एकट्याला चार माणसांची कामं दिली आहेत. रम्पल तर तो आहेच. सुंदरी आणि राक्षसाच्या गोष्टीतला राक्षसही तोच, कॅप्टन हुकचा हात तोडणारी सुसरही तोच, आणि सिंड्रेलाच्या परीला उडवून तिच्या जागी उभा राहणाराही तोच. गावच्या नाटकात तालमीला माणसं कमी आली की एकच इसम पहिल्या अंकात भालदार, दुसऱ्यात ऋषी आणि तिसऱ्यात प्रेत होतो, तसं. पण त्यामुळे बघणाऱ्याला वाईट खोड लागते. पडद्यावर नवा चेहरा आला की ‘हा मुळात कोण?’ आणि ‘ह्याला काय हवंय?’ हे दोन प्रश्न पडल्याशिवाय राहत नाहीत. पोस्टमन दिसला तरी संशय येतो.

या खोडीपायी माझी अब्रू गेली. स्टोरीब्रुकच्या इस्पितळात एक डॉक्टर व्हेल असतात. व्हेल म्हणजे देवमासा. देवमासा म्हटल्यावर पिनोकिओ आणि त्याच्या बापाला गिळणारा आलाच, आणि पिनोकिओ मालिकेत आहे. मी फॅमिली ग्रुपवर चौदा ओळींचं विवेचन टाकलं: हा डॉक्टर म्हणजे तो मासा, गिळलेल्यांचं पाप फेडण्यासाठी आता जीव वाचवतोय, वगैरे. शेवटी ‘लिहून ठेवा’ असंही लिहिलं. दुसऱ्या पर्वात कळलं की तो व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन. १९३१च्या ‘फ्रँकेनस्टाइन’ चित्रपटाच्या दिग्दर्शकाचं नाव जेम्स व्हेल, त्यावरून हे आडनाव. भाचीला हे पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तिने मला चौदा ओळी लिहू दिल्या. तिचा हेतू काय, यावर मी हल्ली विचार करतो.

या मालिकेच्या प्रेक्षकांना अशी सवय लावण्यात निर्मात्यांचाही हात आहे. एडवर्ड किट्सिस आणि अ‍ॅडम होरोविट्झ हे दोघे आधी ‘लॉस्ट’ या मालिकेचे लेखक. त्या मालिकेत कोसळलेल्या विमानाचा क्रमांक ८१५, आणि स्टोरीब्रुकच्या मनोऱ्यावरचं बंद घड्याळ सव्वाआठ दाखवतं. आठ पंधरा. भाचीने हे सांगताना आवाज खाली आणला होता. आईने घड्याळाकडे पाहिलं. “चावी दिली नसेल,” ती म्हणाली. विशेष म्हणजे मालिकेतल्या लोकांनाही अठ्ठावीस वर्षं तसंच वाटलं असणार.

हेतू लावताना सगळ्यांत घोळ घालतं ते नातं. हेन्रीला दत्तक घेणारी आई रेजिना. त्याची जन्मदाती एमा ही हिमगौरीची मुलगी, आणि हिमगौरीची सावत्र आई रेजिना. म्हणजे रेजिना हेन्रीची आईही आहे आणि सावत्र पणजीही. त्याचा जन्मदाता बाप निघतो सावकाराचा हरवलेला मुलगा, म्हणून सावकार आजोबा. सावकाराचा बाप निघतो पीटर पॅन, म्हणजे पणजोबा. तो दिसायला कॉलेजात पहिल्या वर्षाला असावा असा. ज्या घरात सून, सासू आणि सूड एकाच बाईकडे आहेत, तिथे कोण कोणाशी का वाईट वागतं हे कसं सांगायचं? आईने मात्र एक कागद घेऊन वंशावळ मांडली आणि मुद्द्याचा प्रश्न काढला: रेजिना गेली तर हेन्रीने सुतक आईचं धरायचं की सावत्र पणजीचं? उत्तर शोधायची वेळ आली नाही. या मालिकेत गेलेलं माणूस दहाव्याच्या आत परत येतं.

भाचीला वाटतं थिअरी हा तिच्या पिढीचा शोध आहे. मी तिला म्हटलं, बाळ, वाल्मीकींनी मंथरेला जेवढ्यास तेवढं कारण दिलं. ते पुरलं नाही म्हणून अध्यात्म रामायणात आणि पुढे तुलसीदासांकडे देवांनी सरस्वतीला पाठवून तिची बुद्धी फिरवली, असं आलं. इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये विदुर हाच धर्मराजाचा बाप असावा अशी शंका घेतली, आणि तीही पुरावे मांडून. लपलेला बाप शोधण्यात स्टोरीब्रुकवाले आपल्यापुढे काल आलेत. आपण त्याला कीर्तन किंवा चिकित्सा म्हणतो, एवढाच फरक.

हे ऐकून भाचीने चिमणी-कावळ्याची गोष्ट काढली. धो धो पावसात दारात उभ्या कावळ्याला चिमणी इतका वेळ ताटकळत का ठेवते? बाळाला न्हाऊ घालायचंय, तीट लावायचीय, ही उघड टाळाटाळ आहे. चिमणी क्रूर आहे, शेजाऱ्याचं घर वाहून जावं हीच तिची इच्छा होती, हा तिचा सिद्धांत. आई ताडकन उठून बसली. “एकटी बाई, रात्रीची वेळ, घरात तान्हं मूल. दार लगेच उघडायचं? चिमणा कुठे होता ते विचार आधी!” चिमणा कुठे होता, हे मला पन्नास वर्षांत सुचलं नव्हतं.

एक तक्रार मात्र आहे. दुष्टांना या थिअऱ्यांत भरपूर वकील मिळतात आणि सज्जनांना कोणी विचारत नाही. रेजिनावर बोलायला बसलं की रात्र पुरत नाही. राजपुत्राबद्दल मी आमच्या घरात एकही थिअरी ऐकलेली नाही. मेंढपाळाचा मुलगा, जुळ्या भावाच्या जागी राजपुत्र म्हणून उभा केलेला. यात काही मालमसाला नाही का? पण तो पडला सरळ, आणि शापाची सगळी वर्षं शुद्धीवर नव्हता. बेशुद्ध माणसाला हेतू चिकटवणार कसा? त्याची आणि हिमगौरीची जोडी खरीच असावी, असं भाचीला वाटायचं तेवढं खरं निघालं: जॉश डॅलस आणि जिनिफर गुडविन यांनी २०१४मध्ये खरोखरच लग्न केलं. चहाडीचा विषय त्या घरात कसा हाताळतात, देव जाणे.

मालिका आता संपली. शेवटचं पर्व सिअ‍ॅटलला हलवलं, ते आईला आवडलं नाही. बदली झाल्यासारखं वाटलं म्हणाली. रेजिना, सावकार, कोरा सगळ्यांचे हेतू तिच्या दृष्टीने लागले. अडली ती दोन ठिकाणी. सिंड्रेला शापाच्या वेळी गरोदर होती आणि काळ थांबल्यामुळे अठ्ठावीस वर्षं गरोदरच राहिली. “अठ्ठावीस वर्षं डोहाळे पुरवणारा नवरा दाखवा मला,” आई म्हणते, “मग जादूवर विश्वास ठेवते.” त्याचा नाद तिने सोडला.

दुसरी गोष्ट मात्र सुटत नाही. हेन्री तान्हा असताना बाहेरच्या जगातून स्टोरीब्रुकमध्ये आला, त्यामुळे एकटा तोच वाढत होता. बाकीच्या पोरांची वयं १९८३पासून जागच्या जागी. म्हणजे हेन्री पहिलीत आला, दुसरीत गेला, तिसरीत गेला, आणि मागची पोरं त्याच बाकांवर, तशीच. वर्गशिक्षिका कोण, तर हिमगौरी; त्याची सख्खी आजी. दरवर्षी जूनमध्ये, किंवा त्यांच्याकडे जेव्हा शाळा भरते तेव्हा, ती नवीन कॅटलॉग घालत असणार की नाही? त्यात तीच नावं, तीच जन्मतारीख, आणि वय? निकालपत्रावर सही कोणाची? अठ्ठावीस वर्षं पोरगं वर चढलं नाही म्हणून एकही पालक शाळेत भांडायला आला नाही?

राणीने असं का केलं हे आईला आता विचारू नका. तुमच्यापैकी कोणी प्राथमिक शाळेत वर्ग सांभाळला असेल आणि तो कॅटलॉग कसा घातला असेल हे सांगू शकत असेल, तर आईला फोन करा. दुपारी दोन ते चार सोडून.